सावंतवाडीत घडवलेली बाळांची लांबी मोजण्याची फळी: पीएच.डी.च्या क्षेत्रकामातील अनुभव

बालआरोग्यात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक, विद्यापीठ आणि विषय यांबद्दल सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. ज्या साधनावर त्याच्या प्रबंधातील प्रत्येक आकडा उभा राहणार असतो, त्या साधनाबद्दल मात्र सहसा कोणी बोलत नाही. माझे संशोधन वेंगुर्ले तालुक्याच्या किनारपट्टीवरील मच्छीमार वस्त्यांमधील दोन वर्षांखालील बाळांच्या वाढीवर आहे. बाळाची लांबी ठरावीक अंतराने मोजणे हा त्या कामाचा कणा आहे. त्यासाठी मी सावंतवाडीतील एका लाकूडकामाच्या कारखान्यातून लांबी मोजण्याची फळी करून घेतली आणि ती आता दोन पावसाळे वापरली आहे. तिचे गुणदोष नोंदवून ठेवावेत, म्हणजे माझ्यामागून या वाटेने येणाऱ्याचे एक वर्ष तरी वाचेल, या हेतूने हे परीक्षण लिहीत आहे. कारखान्याच्या मालकांनी आपले नाव छापू नये अशी विनंती केली असल्यामुळे ते दिलेले नाही.

विकत मिळणारी फळी सोडून सुताराकडे जाण्याची वेळ का आली, हे आधी सांगितले पाहिजे. दोन वर्षांखालील बाळाची उंची उभे करून मोजत नाहीत, त्याला उताणे झोपवून लांबी मोजतात, आणि ही लांबी उभ्याच्या उंचीपेक्षा साधारण 0.7 सेंटिमीटरने जास्त भरते. बाळ खुजे आहे की नाही हे या लांबीवरून ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या वाढीच्या मानकांप्रमाणे बारा महिन्यांच्या मुलग्याची मध्यक लांबी, म्हणजे सगळी मापे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी लांबी, 75.7 सेंटिमीटर आहे, आणि 71.0 सेंटिमीटरच्या खाली गेलेला मुलगा खुजा गणला जातो. मधले अंतर पाच सेंटिमीटरसुद्धा नाही. या वयात एक सेंटिमीटरची चूक म्हणजे झेड-स्कोअरमध्ये (बाळाचे माप मध्यकापासून किती प्रमाण विचलने दूर आहे हे सांगणाऱ्या आकड्यात) 0.4 हून अधिक फरक, म्हणजे सीमारेषेवरचे बाळ या बाजूचे त्या बाजूला जाण्यास पुरेशी चूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील 35.2 टक्के बालके खुजी आहेत. अशा आकड्यात आपल्या तालुक्याची भर घालताना ती मुलांच्या वाढीमुळे पडली की हलणाऱ्या फळीमुळे, हे संशोधकाला ठामपणे सांगता आले पाहिजे.

माझी पहिली फळी प्लास्टिकची, मध्ये बिजागरी असलेली, घडी घालून पिशवीत मावणारी होती. ती मी घरपोच मागवली होती आणि वाहून नेण्यास ती उत्तम होती. परंतु तीन महिन्यांत बिजागरी सैल झाली आणि पायाकडची सरकती फळी, जी बाळाच्या टाचांशी आणून आकडा वाचतात, ती डुलू लागली. एकच बाळ, एकच दुपार, दोन मोजमापे, आणि त्यांत कधी आठ मिलिमीटरचा फरक, कधी अकराचा. प्रथम मला वाटले की दोष माझ्या हाताचा आहे. पुढे साठ सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची कांब आडवी ठेवून मोजली तेव्हा कळले की कांबेचीही लांबी दर खेपेला निराळी येते आहे. सरकती फळी दोन अंशांनी जरी बाळाकडे कलली, तरी दहा सेंटिमीटरच्या पावलाशी जवळजवळ साडेतीन मिलिमीटरची चूक होते, कारण टाच टेकण्याआधी बोटेच टेकतात. हे गणित शाळेतल्या त्रिकोणमितीचे आहे, पण ते मला कांब मोजेपर्यंत सुचले नव्हते. त्या फळीवरची सगळी मोजमापे मी मुख्य विश्लेषणातून वगळली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. त्यांतले तीन महिने असे वाया जाणे फार लागते.

सावंतवाडी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि चितार आळीत रंगवलेली फळे, भाज्या, पाट, चौरंग यांची दुकाने ओळीने आहेत. माझा कारखाना त्या आळीपासून चालत पाच मिनिटांवर, कौलारू पडवीत आहे. मालक साठीच्या घरातले आहेत, त्यांचा मुलगा आणि दोन कारागीर हाताखाली आहेत. मी त्यांना काका म्हणते. नोव्हेंबरात मी फळीचा नकाशा घेऊन गेले तेव्हा काकांनी तो बराच वेळ पाहिला आणि सर्वांत आधी मला विचारले की ही फळी पावसात कुठे ठेवणार. हा प्रश्न मला माझ्या संशोधन आराखड्यावर झालेल्या चर्चेत कोणी विचारला नव्हता. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि श्रावणात कपाटातल्या वह्यांनाही बुरशी धरते, तिथे लाकडी साधनाची खरी परीक्षा तीच असते.

लाकडाची निवड त्यांनी केली. खेळण्यांना चालणारा पांगारा हलका, पण ठोके सोसत नाही. आंब्याला कीड लवकर लागते. सागाची फळी उत्तम, मात्र जड आणि महाग. शेवटी शिवण ठरली. ती हलकी असते आणि हवेतील ओलाव्याने सहसा वाकडी होत नाही, म्हणून आमच्याकडे जुन्या घरांतही ती वापरलेली दिसते. मला फळी जानेवारीपर्यंत हवी होती. काका म्हणाले, “डॉक्टरीणबाय, घाई केलास तर ह्या लाकूड पावसात बाक धरतला. तेका आधी सावलेत सुकवूक व्हया.” फळी फेब्रुवारीच्या अखेरीस हातात आली. त्या वेळी मला हा उशीर खटकला होता. जूनमध्ये मात्र त्यांचे म्हणणे पटले.

लाकूड आडवे फुगते आणि आकसते, तंतूंच्या दिशेने फारसे नाही. ही गोष्ट काकांना हाताच्या अनुभवाने माहीत होती, मला वाचून कळली. त्यामुळे फळीची लांबी दमट हवेत जवळजवळ तेवढीच राहते. धोका असतो तो रुंदीला बाक येण्याचा आणि सरकती फळी खाचेत अडकण्याचा. तळाची फळी एकसंध न ठेवता तीन पट्ट्या जोडून केली आहे आणि खालून दोन आडव्या पट्ट्या अशा बसवल्या आहेत की लाकडाला रुंदीत थोडी हालचाल करता यावी. खीळ व स्क्रू सर्व पितळी आहेत. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू एका पावसात गंजतो आणि गंज पसरून लाकूड फाडतो, हे निवती आणि केळूस येथील बोटींची डागडुजी करणारे कोणीही सांगेल.

मापाची पट्टी हा माझ्या दृष्टीने या फळीचा सर्वांत चांगला भाग आहे. कागदाची किंवा प्लास्टिकची चिकटपट्टी न लावता एक मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची पट्टी लाकडात खोबण कोरून पृष्ठभागाशी समतल बसवली आहे, आणि तिचा शून्य डोक्याकडच्या उभ्या फळीच्या पृष्ठभागाशी नेमका जुळवला आहे. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला एक मीटर पुरतो. चोवीस महिन्यांच्या मुलग्याची मानकातील मध्यक लांबी 87.8 सेंटिमीटर आहे आणि फार उंच बाळही शंभराच्या आतच असते. सरकत्या फळीला खाली पितळेची बारीक पट्टी आहे, तिच्या कडेशी आकडा वाचायचा. वरून डोकावून वाचताना तिरकी नजर पडून जी चूक होते ती यामुळे पुष्कळ कमी झाली. दुसरी गोष्ट, माझ्या आधीच्या फळीवर पाच आणि दहा मिलिमीटरच्या रेघा फार ठळक होत्या, आणि माझ्या वहीत शून्य किंवा पाच या अंकांनी संपणारी मापे गरजेपेक्षा जास्त जमली होती. शेवटचा अंक खरोखर वाचला असेल तर दहाही अंक साधारण सारख्या संख्येने यायला हवेत. नव्या पट्टीवर प्रत्येक मिलिमीटर सारखाच स्पष्ट आहे, आणि हा दोष आता जवळजवळ नाहीसा झाला आहे.

काटकोन मी स्वतः तपासला. काकांनी गुण्या लावून दाखवला, तरी मी घरी नेऊन पुन्हा कांबेने पाहिले. साठ सेंटिमीटरची कांब सलग दहा वेळा मोजली तेव्हा एकदाही मिलिमीटरभराहून अधिक फरक आला नाही. त्यानंतर शिरोड्याच्या एका अंगणवाडीत दहा बाळे, मी आणि माझी सहायक अशा दोघींनी प्रत्येक बाळ दोनदा मोजले. क्षेत्रकामाआधी असा सराव करून मापनाची तांत्रिक चूक काढणे ही या विषयातील रूढ पद्धत आहे: दोन मोजमापांतील फरकांच्या वर्गांची बेरीज करायची, तिला मोजमापांच्या जोड्यांच्या दुपटीने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. ज्या अभ्यासातून जागतिक मानके तयार झाली, तो 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार बालकांवर झाला होता, आणि भारतातील त्याचे केंद्र दक्षिण दिल्लीत होते. त्या अभ्यासात दोन मोजणाऱ्यांच्या लांबीत सात मिलिमीटरहून अधिक फरक आला तर पुन्हा मोजण्याचा नियम होता. आम्ही तोच पाळतो. जुन्या फळीवर हा नियम पाळताना बाळे रडून थकत. नव्या फळीवर पुन्हा मोजण्याची वेळ क्वचित येते.

बाळाच्या दृष्टीने फळी कशी आहे, हेही पाहिले पाहिजे, कारण रडणारे, अंग आखडून घेणारे बाळ चांगल्या फळीवरही चुकीचेच मोजले जाते. कडा घासून गोल केल्या आहेत, सांध्यांतून कुठेही कूस लागत नाही. काकांनी आपण होऊन डोक्याकडच्या फळीवर एक छोटासा रंगीत लाकडी आंबा बसवला होता. “पोराक वरती बघूक काय तरी रंगीत देवया,” असे ते म्हणाले. ती कल्पना मला फार आवडली, पण पहिल्याच दिवशी लक्षात आले की आंबा पाहण्यासाठी बाळ मान मागे टाकते. मोजताना कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड यांना जोडणारी रेषा फळीला काटकोनात असावी लागते. मान मागे गेली की माप बिघडते. मी तो आंबा काढून त्याला दोरी बांधली. आता बाळाची आई किंवा अंगणवाडीताई तो बाळाच्या तोंडासमोर सरळ वर धरते, सहायक दोन्ही हातांनी डोके स्थिर ठेवते, मी डाव्या हाताने गुडघे हलकेच दाबते आणि उजव्या हाताने सरकती फळी टाचांशी आणते. हे सगळे अर्ध्या मिनिटात उरकते. आंब्याचा हा नवा उपयोग सांगितल्यावर काकांनी पुढच्या फळ्यांना दोरीसाठी भोक पाडूनच आंबा देण्याचे ठरवले आहे.

आता दोष. पहिला आणि गंभीर दोष पॉलिशचा होता. खेळण्यांच्या सवयीने कारखान्याने फळीला लाखेचे पॉलिश केले होते. लाख निरुपद्रवी, दिसायला सुंदर, बाळाने फळी चाटली तरी चिंता नाही. पण आम्ही दोन बाळांच्या मध्ये फळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसतो, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पंधरा दिवसांत फळीवर पांढरे डाग पडले, पृष्ठभाग चिकट झाला, आणि त्यात बाळांच्या अंगाचे खोबरेल मुरून वास येऊ लागला. ही चूक माझी तितकीच आहे. फळी कशाने पुसणार हे मी सांगितले नव्हते. परंतु आरोग्यसेवेसाठी वस्तू घडवणाऱ्याने हा प्रश्न विचारायला हवा, आणि पावसाचा प्रश्न आपण होऊन विचारणाऱ्याकडून मला त्याची अपेक्षा होती. पुढे जुने पॉलिश पूर्ण काढून पॉलियुरेथेनचा थर दिला गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि तो थर आजवर टिकून आहे.

दुसरा दोष वेळेचा, आणि त्याने माझे खरे नुकसान झाले. ही दुरुस्ती जुलैच्या अखेरीस निघाली. गणपती महिन्याभरावर आले होते आणि त्या दिवसांत सावंतवाडीतील प्रत्येक सुताराकडे माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट), पाट, चौरंग, मखर यांची कामे साचलेली असतात. माझी फळी पाच आठवडे पडवीत पडून राहिली. बाळाच्या वाढीचा पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासात भेटीचा दिवस ठरलेला असतो, आणि आठवडाभराहून अधिक मागेपुढे झालेली भेट मला अपूर्ण धरावी लागते. नऊ महिन्यांचा मुलगा बारा महिन्यांचा होईपर्यंत मानकाप्रमाणे 72.0 वरून 75.7 सेंटिमीटरवर जातो. तीन महिन्यांच्या या 3.7 सेंटिमीटरमध्ये साधन बदलल्याने आलेले काही मिलिमीटर मिसळले तर वाढीचा वेग म्हणून जे काही दिसेल त्यावर विश्वास ठेवता येत नाही. त्या पाच आठवड्यांच्या भेटी मी उसन्या फळीवर घेतल्या आणि साधन बदलल्याची नोंद प्रबंधात स्वतंत्रपणे करणार आहे. काकांनी मला तारीख दिली नव्हती, हे मान्य. पण एकदा तरी दूरध्वनी करून उशीर होणार आहे असे सांगितले असते तर मी भेटींचे वेळापत्रक आधीच बदलले असते.

तिसरी बाब वजनाची. फळी सहा किलोच्या थोडी खाली भरते. एस.टी.त ती सीटखाली जात नाही, आडवी ठेवावी लागते आणि सकाळच्या गाडीत मासे विकायला निघालेल्या बायकांच्या टोपल्यांमध्ये तिला जागा मागावी लागते. देवबागहून भोगव्याला कर्ली खाडी होडीने ओलांडताना मी ती मांडीवर धरून बसते. काकांच्या मुलाने ताडपत्रीची, खांद्याला अडकवायची पिशवी शिवून दिली. तिच्यामुळे पाण्याचे शिंतोडे लागत नाहीत. पण दिवसाला चार वस्त्या फिरायच्या असतील तर संध्याकाळी खांदा भरून येतो. घडीची फळी वापरणाऱ्यांना हा बदल जड जाईल. मला तो पत्करण्याजोगा वाटतो, कारण बिजागरी नाही म्हणूनच ती डुलत नाही.

वापराविषयी एक गोष्ट सांगते, जी फळीइतकीच महत्त्वाची आहे. आमच्या वस्त्यांत आई सकाळी बाजारात असते आणि बाळ आजीजवळ असते. फळी घेऊन गेल्यावर आजी आनंदाने बाळ पुढे करते. परंतु संशोधनात बालकाच्या सहभागासाठी आई-वडिलांची, ते नसल्यास कायदेशीर पालकाची लेखी संमती लागते, आजीचा होकार पुरत नाही. म्हणून मी दुपारनंतरच जाते. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात वडीलही घरी भेटतात, आणि माझ्या निम्म्याहून अधिक संमत्या त्याच दोन महिन्यांतल्या आहेत. मोजण्याआधी कुंची, टोपडे आणि केसांतला चाप काढायला सांगावा. पायांतले वाळे लांबीला आड येत नाहीत, वजनाच्या वेळी मात्र ते उतरवावेत किंवा वेगळे तोलून वजा करावेत. एका आजीला नात लाकडावर उताणी निजवणे पाहवत नव्हते. तिच्याच जुन्या लुगड्याची एक घडी फळीवर अंथरली तेव्हा ती तयार झाली. कापड पातळ आणि एकेरी असावे, आणि ते डोक्याकडच्या किंवा सरकत्या फळीवर चढू देऊ नये, एवढे पाहावे लागते.

पिशवीसह फळीला मी साडेचार हजार रुपये दिले. तयार मिळणाऱ्या परदेशी फळ्या याच्या कित्येक पटींनी महाग आहेत, आणि शिष्यवृत्तीवर काम करणाऱ्याला हा फरक मोठा असतो. पैशांपलीकडे आणखी एक फायदा म्हणजे काही बिघडले तर तासाभराच्या अंतरावर दुरुस्ती आहे. ज्याला एकाच ठिकाणी, दवाखान्यात बसून बाळे मोजायची आहेत, त्याला मी ही फळी निःशंकपणे सुचवीन. ज्याला डोंगर चढून धनगरवाड्यांवर जायचे आहे त्याने वजनाचा विचार आधी करावा.

मागणी नोंदवताना चार गोष्टी लेखी द्याव्यात: पट्टी स्टेनलेस स्टीलची आणि शून्यापासून सुरू होणारी असावी, फळी स्पिरिटने पुसली जाणार आहे, डोक्याकडच्या फळीवर काहीही बसवू नये, आणि फळी अमुक तारखेला लागणार आहे. फळी घेताना कांब सोबत न्यावी आणि तिथेच दहा वेळा मोजून पाहावी. काका त्याचा राग मानत नाहीत, उलट दुसऱ्या टोकाला स्वतः बसून आकडे लिहून घेतात. नोव्हेंबरात सांगितलेली फळी शिमग्यापर्यंत मिळते. श्रावण लागल्यावर मात्र काहीही सांगू नये. माझ्या सहायकेसाठी दुसरी फळी मी या नोव्हेंबरात सांगितली आहे आणि तिचे शिवणीचे लाकूड सध्या पडवीत सुकत आहे.